दहा हजारांतला स्टँड मिक्सर: आधी पीठ ठरवा, मग मशीन

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: घरून आठवड्याला चार-पाच केकच्या ऑर्डरी जातात, बहुतेक एगलेस. हँड मिक्सर आहे. आता लाडीपाव आणि ब्रेडही सुरू करायचा आहे, म्हणून स्टँड मिक्सर, म्हणजे ओट्यावर उभं राहणारं, बाऊलसकटचं फेटायचं-मळायचं मशीन घ्यायचंय. बजेट दहा हजार. तेवढ्या पैशांत हजार वॉटचंही मशीन दिसतं आणि पंधराशे वॉटचंही, मग पंधराशेवालंच घ्यावं ना? शिवाय अमेरिकेतली मावशी तिचं वापरलेलं किचनएड कंपनीचं स्टँड मिक्सर द्यायला तयार आहे, ते आणवावं का?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र आली आहेत. केक आणि क्रीम हे फेटण्याचं काम, पाव आणि ब्रेड हे मळण्याचं. फेटायला वेग लागतो, मळायला जोर लागतो. दहा हजारांच्या मशीनमध्ये वेग भरपूर मिळतो, जोर मात्र बेताचाच. आणि वेगाचं काम तर तुमचा हँड मिक्सर आत्ताही करतोय. म्हणजे तुम्ही हे दहा हजार मोजणार ते केवळ मळण्यासाठी, आणि नेमकी तीच बाजू या किमतीत लंगडी असते. मी घरगुती बेकिंगचे वर्ग घेते, त्यामुळे माझ्या स्वतःच्या मशीनखेरीज शिकायला येणाऱ्यांची मशीनंही कायम नजरेखालून जातात. ती बिघडतात ती जवळजवळ नेहमी पिठावर, क्रीमवर नाही.

उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. एका वेळी किती मैदा भिजवणार, आठवड्यातून किती वेळा, मैदा की चक्कीचा आटा, आणि मशीन बिघडलं तर नाशिकमध्ये ते कोण उघडणार. यातलं तुम्ही फारसं लिहिलेलं नाही, म्हणून मी दोन्ही-तिन्ही शक्यता धरून सांगते.

केकचं आधी उरकून टाकू. मशीनशिवाय केक हलका होत नाही असा बऱ्याच जणींचा समज असतो. अंड्याच्या स्पंजपुरतं ते खरं आहे. तिथे अंडी आणि साखर फेटून हवा कोंडायची असते आणि त्या हवेवरच केक उभा राहतो. दह्याच्या किंवा कंडेन्स्ड मिल्कच्या एगलेस केकमध्ये मात्र फुगवण्याचं काम सोडा आणि बेकिंग पावडर करतात. मैदा पडल्यानंतर ते बॅटर जितकं घोटाल तितका केक चिवट होतो आणि कापल्यावर आत बोगदे दिसतात. साध्या तारेच्या व्हिस्कने गुठळ्या मोडेपर्यंत फिरवलं की झालं. या केकसाठी स्टँड मिक्सर घेऊन तुमचा केक सुधारणार नाही, उलट बटण बंद करायला उशीर झाला तर बिघडेल.

क्रीमचं म्हणाल, तर तिथे खरी लढाई उकाड्याशी असते. विप क्रीम, भांडं आणि बीटर तिन्ही गार हवेत. नाशिकचा थंडावा डिसेंबरात ठीक आहे, पण एप्रिल-मेमध्ये तुमचंही स्वयंपाकघर तापतंच. एका दाराच्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये पाच लिटरचा बाऊल सहसा बसत नाही, हे मशीन घरी आल्यावरच लक्षात येतं. हँड मिक्सरला कोणतंही उभट पातेलं चालतं. ते फ्रीझरमध्ये ठेवा, खाली परातीत बर्फ घाला आणि फेटा. दुसरं म्हणजे अर्ध्या किलोच्या केकला अडीचशे-तीनशे ग्रॅम क्रीम लागतं. एवढं क्रीम पाच लिटरच्या बाऊलच्या तळाशी पसरतं आणि व्हिस्कची फक्त टोकं त्यात बुडतात. सगळं क्रीम एकदम फेटून ठेवणार असाल तर मोठा बाऊल उपयोगी, एकेका केकपुरतं फेटणाऱ्यांना हँड मिक्सरच बरा. आणि डब्यातलं साधं फ्रेश क्रीम घट्ट होत नाही म्हणून मशीनला दोष देऊ नका. अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो, तेवढ्यावर ताठ क्रीम उभं राहत नाही. त्यासाठी तीस-पस्तीस टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम किंवा नॉन-डेअरी विप लागतं.

लोणी-साखर फेसणं, बटरक्रीम, नानकटाई हेही हँड मिक्सरच्या आवाक्यातलं. नानकटाईचं तूप तर आपल्याकडे परातीत तळहाताने फेसायची पद्धत आहे आणि थोड्या प्रमाणाला आजही मला तीच सोयीची वाटते. तूप पांढरंशुभ्र आणि हलकं झालेलं हाताला आधी कळतं.

आता पीठ. स्टँड मिक्सरचा जन्मच पिठासाठी झाला. अमेरिकेत होबार्ट कंपनीच्या हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने बेकऱ्यांसाठी मोठं मिक्सिंग मशीन बनवलं. त्याचीच घरगुती धाकटी आवृत्ती म्हणजे १९१९ मधला एच-५, किचनएडचा पहिला मिक्सर. त्याचं वजन तीस किलोच्या आसपास होतं. आज आपण ज्याला ‘प्लॅनेटरी’ म्हणतो ती रचना तिथलीच: बाऊल जागेवर स्थिर, हूक (पीठ मळायचा आकडा) स्वतःभोवतीही फिरतो आणि बाऊलभोवती उलट दिशेने फेराही मारतो.

मळताना आत काय होतं ते समजलं की वॉटचा घोळ आपोआप सुटतो. सुरुवातीला पीठ सैल आणि चिकट असतं, हूक सहज फिरतो. चार-पाच मिनिटांनी ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, धरू लागलं की पीठ बाऊलच्या कडा सोडतं, गोळा होतो आणि तो हूकला विरोध करायला लागतो. मशीनची खरी परीक्षा इथे सुरू होते. तुमच्या ओट्यावर हे असं दिसेल: हूक गोळ्याला कडेवर दाबतो, मशीनचं डोकं, म्हणजे मोटरचा वरचा भाग, दर फेऱ्याला किंचित उचललं जातं, आवाज घोंघाटावरून घरघरीवर येतो आणि मशीन इंचाइंचाने ओट्याच्या कडेकडे सरकू लागतं. मोटर तेव्हाही फिरतच असते. मार बसतो तो मोटर आणि हूक यांच्यामधल्या गिअरवर आणि डोक्याच्या बिजागरीवर.

पाटीवरचे वॉट म्हणजे मशीन भिंतीतून किती वीज ओढतं त्याचा आकडा. हूकच्या टोकाला त्यातला किती जोर पोहोचतो हे गिअर ठरवतात. किचनएडचं नेहमीचं, डोकं मागे कलणारं आर्टिझन मशीन तीनशे-सव्वातीनशे वॉटचं आहे आणि ते ब्रेडचं पीठ वर्षानुवर्षं मळतं. स्वस्त मशीनवर हजार-पंधराशे लिहिलेलं असतं आणि तेच पीठ त्याला जड जातं. तेव्हा हजार की पंधराशे हा प्रश्न बाजूला ठेवा. उलट पंधराशेचा एक तोटा आहे. २३० व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. ओट्यावरचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. पाटीवरचा आकडा खरा असेल तर ते मशीन मिक्सर-ग्राइंडरच्या नाही, गिझर-ओव्हनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावायला हवं. हजार वॉट म्हणजे सव्वाचार-साडेचार अँपिअर, ते लहान सॉकेटवर निभावतं.

मग बघायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे मशीनच्या तळाची पाटी आणि माहितीपुस्तिका. तिथे ‘केबी’ आणि पुढे मिनिटांचा आकडा असतो, किंवा सलग किती वेळ चालवायचं ते लिहिलेलं असतं. केबी म्हणजे मशीन एका दमात जास्तीत जास्त किती मिनिटं चालवायचं, त्यानंतर ते गार होऊ द्यायचं. बजेट मशीनमध्ये हा आकडा पाच-दहा मिनिटांचा असतो. पुस्तिका बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर आधीच वाचता येते, पैसे भरण्यापूर्वी वाचा. त्याच पुस्तिकेत जास्तीत जास्त किती मैदा किंवा किती पीठ चालेल तेही असतं. बाऊल ‘पाच लिटर’ हा काठोकाठचा आकडा. तुम्हाला हवा तो मैद्याचा आकडा. पाचशे ग्रॅम मैदा, तीनशे-सव्वातीनशे पाणी, वर लोणी, साखर, यीस्ट, मीठ धरून गोळा साडेआठशे-नऊशे ग्रॅमचा होतो. त्यातून पन्नास-पन्नास ग्रॅमचे सतरा-अठरा पाव निघतात. पुस्तिकेतली मर्यादा याच्या काठावर असेल तर ते मशीन सोडा. रोजचं काम मर्यादेच्या दोन तृतीयांशात बसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, सर्वांत कमी वेग. दुकानात मशीन बघायला मिळालं तर एक नंबरवर चालवून बघा. मळणं हे एक-दोन नंबरचंच काम आहे, किचनएडसुद्धा दोनच्या वर मळू नका असं सांगतं. काही स्वस्त मशीनचा एक नंबरच इतका धावतो की मैदा घालताच अंगावर उडतो. वेगाच्या आठ-दहा पायऱ्या असण्यापेक्षा ही पहिली पायरी खरोखर संथ असणं मोलाचं. मग डोकं लॉक करून हाताने वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. रिकाम्या मशीनचं डोकं डुगडुगत असेल तर पिठावर ते आणखी डुगडुगेल.

तिसरी, बीटर आणि तळ यांच्यातलं अंतर. किचनएडमध्ये ते कमी-जास्त करायला एक स्क्रू असतो. अमेरिकेत लोक बाऊलमध्ये दहा सेंटचं नाणं टाकून चपटा बीटर फिरवतात, दर फेऱ्याला नाणं थोडंसं सरकलं की अंतर बरोबर. स्वस्त मशीनमध्ये बहुधा अशी सोय नसते. ज्यात असेल त्याला माझं झुकतं माप.

बाऊल स्टीलचाच घ्या. हूक आणि चपटा बीटर मात्र बहुतेक ओतीव ॲल्युमिनियमचे असतात. लेप नसलेले असतील तर ते काथ्याने, चिंचेने घासू नका, डिशवॉशरमध्येही घालू नका. त्यावर करडी पूड येते आणि पांढऱ्या पिठात ती दिसते. घासायला मावशी येत असतील तर हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, किंवा हे दोन नग स्वतः धुवा.

आणि दुरुस्ती. मोटरमधले कार्बन ब्रश झिजतात, ते गल्लीतला मिक्सर दुरुस्त करणाराही बदलून देतो. गिअर मात्र त्याच्याकडे नसतो. खरेदीआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तुमचा पिनकोड सांगा आणि सरळ विचारा: या मॉडेलचा गिअर, हूक आणि बाऊल सुटा मिळतो का, आणि दुरुस्ती घरी की कुरिअरने? उत्तर गुळमुळीत आलं तर तो ब्रँड यादीतून काढा. वॉरंटीत आणखी एक ओळ वाचायची असते. घरगुती उपकरणांची वॉरंटी व्यावसायिक वापराला सहसा लागू नसते. तुम्ही ऑर्डरी घेता, तेव्हा कागदोपत्री तुम्ही त्या ओळीत येऊ शकता. हे माहीत असूनच पैसे घाला.

इनालसा, आगारो, वंडरशेफ या नावांची मशीनं साधारण सहा ते दहा हजारांच्या पट्ट्यात मिळतात. मॉडेल सतत बदलतात, त्यामुळे नाव घेऊन ‘हेच घ्या’ म्हणण्यात अर्थ नाही, वरच्या कसोट्या लावून निवडा. बॉशची मम मालिका याच्या वरच्या किमतीत येते, किचनएड त्याच्याही कितीतरी पुढे.

तुमच्या बाबतीत माझं मत असं. पाव आठवड्यातून एक-दोनदा, एका वेळी पाचशे ग्रॅम मैद्याचे करणार असाल, तर अजून मशीन घेऊच नका. हाताने मळा, पण विश्रांती देत मळा. मैदा, पाणी, यीस्ट नुसतं कालवून वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात मैदा पाणी पितो आणि ग्लूटेन तुम्ही हात न लावता जुळायला लागतं. मग मीठ-लोणी घालून पाच-सात मिनिटं मळा आणि फुगताना पहिल्या तासात दोनदा पीठ ओढून घडी घाला. बोटांवर ताणल्यावर न फाटता आरपार पातळ पडदा आला की पीठ तयार. लाडीपावाला लागतो तेवढा मऊ, धागेदार पोत यातून व्यवस्थित मिळतो. महिना-दोन महिने असे पाव विकून बघा, गिऱ्हाईक किती टिकतं ते कळेल.

आठवड्यातून तीन-चारदा, पाचशे-सहाशे ग्रॅमपर्यंत जाणार असाल तर दहा हजारांचं मशीन घ्यायला हरकत नाही, मात्र ते सांभाळून वापरायचं. इथेही तीच विश्रांती कामाला येते. दोन मिनिटं कालवा, मशीन बंद, वीस मिनिटं झाका. मग दोन नंबरवर चार मिनिटं, पाच मिनिटं थांबा, पुन्हा तीन मिनिटं. पीठ हूकवर चढत असेल तर थांबवून खाली ओढा, वेग वाढवू नका. असं केलं की केबीची मर्यादाही पाळली जाते आणि पीठही जास्त तापत नाही.

तापण्याचा मुद्दा उन्हाळ्यात मोठा आहे. हूकच्या घर्षणाने पीठ हाताने मळण्यापेक्षा जास्त गरम होतं. मळून झालेलं पीठ २६ अंशांच्या आसपास हवं. माझा हिशोब असा: २६ ची तिप्पट ७८, त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मशीनच्या घर्षणाचे साधारण १० वजा करायचे. खोली ३४, मैदा ३३ असेल तर पाणी उरतं १ अंशाचं, म्हणजे जवळपास बर्फाचं. मेमध्ये मी मैदाही फ्रिजमध्ये ठेवते. हे केलं नाही तर पीठ सैल पडतं, चिकटतं, भराभर फुगून आंबटसर वास मारतं, आणि आपण आणखी मैदा घालून पाव कोरडे करून ठेवतो.

रोज किलोभर किंवा जास्त मैदा भिजवायचा विचार असेल, तर हे दहा हजार आत्ता खर्चू नका. त्यात भर घालून वीस-पंचवीस हजारांकडे जा. स्वस्त मशीनवर रोज किलोचं पीठ लादलं तर ते वर्षही काढेल याची मी खात्री देणार नाही. तेच चक्कीच्या आट्याचं. कोंड्यामुळे तो पाणी जास्त पितो, पीठ घट्ट आणि जड होतं. आट्याचा ब्रेड करायचा तर मैद्याच्या मानाने पाणी वाढवा आणि प्रमाण कमी धरा. घरच्यांना वाटेल की आता पोळ्यांची कणीकही यातच मळून होईल. चार माणसांची कणीक पाच लिटरच्या बाऊलमध्ये नुसती ढकलली जाते, मळली जात नाही. ते काम हाताचंच राहू द्या. घरात टिल्टिंग वेट ग्राइंडर (इडली-डोशाचं पीठ वाटायचं, कलंडणारं यंत्र) असेल आणि त्याला कणीक मळायची जोड असेल, तर थोड्या मैद्यासाठी तीही आधी वापरून बघण्यासारखी आहे.

मावशींच्या किचनएडबद्दल. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलं तर जळेल, नुसता पिन बदलणारा ॲडॅप्टर चालणार नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही मशीनच्या वॉटच्या किमान दीडपट-दुप्पट क्षमतेचा. सव्वातीनशे वॉटच्या मशीनला ७५० व्हीएचा घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत असे मिळतात. तो ओट्यावर जागा खातो आणि ओल्या हातांपासून लांब ठेवावा लागतो. मशीन स्वतः दहा-अकरा किलोचं, म्हणजे मावशींच्या २३ किलोच्या बॅगेतली अर्धी बॅग. इथे वॉरंटीही चालणार नाही. तरीही मशीन चांगल्या स्थितीत असेल आणि मावशी खरंच आणायला राजी असतील, तर दहा हजारांच्या नव्या मशीनपेक्षा मी ते घेईन, कारण त्याचे गिअर पिठाच्या लायकीचे आहेत. निघण्यापूर्वी त्यांना एक नंबरवर चालवून व्हिडिओ पाठवायला सांगा. डोक्याखालून तेल-ग्रीस गळत असेल किंवा गिअर दात चावल्यासारखे वाजत असतील तर तिथेच राहू द्या.

नवं घेतलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत त्यावर पाव करा, केक नव्हे. पाचशे ग्रॅम मैदा, तीनशे दहा ग्रॅम पाणी, वर सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने. शेवटच्या तीन मिनिटांत मोटरवरच्या कव्हरला हात लावा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा डोक्याचं लॉक सुटून वर येत असेल, तर दुसऱ्या प्रयोगाची वाट न बघता खोकं आणि बिल शाबूत असतानाच परत पाठवा.